पिठाच्या पोत्याचं आयुष्य

बंद पडलेल्या त्या थिएटरला चालू असताना याच्या निम्मी गर्दी मिळाली असती, तरी ते बंद पडलं नसतं. खुर्च्या भरल्या होत्या, मधल्या वाटा भरल्या होत्या, बाल्कनीत माणसं कठड्याला पोट टेकून उभी होती. समोर जुना पडदा आणि पडद्यापुढच्या चौथऱ्यावर एक वजनकाटा. मालगुदामात असतो तसला. खाली लोखंडी फळी आणि वर भली मोठी गोल तबकडी.

तबकडीच्या बाहेरच्या कडेला काळ्या आकड्यांत किलो लिहिलेले होते. त्यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते आतल्या कडेच्या लाल आकड्यांत, कारण ती वर्षं होती. माणूस फळीवर चढला की सुई थरथरत फिरायची आणि थांबायची. काळ्या आकड्यात त्याचं वजन दिसायचं आणि लाल आकड्यात त्याचं एकूण आयुष्य. जितके किलो कमी तितकी वर्षं जास्त, असा सरळ हिशेब होता. फळी रिकामी असली की सुई अगदी सुरुवातीला उभी असायची आणि तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘अमर’. त्या वेळी फळीवर कोणीच नसतं, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही, किंवा आली तरी बोलून दाखवण्याइतकी महत्त्वाची वाटली नाही.

या काट्याला ‘आयुष्यकाटा’ म्हणत आणि तो ज्यांचा होता त्यांना तोलबाबा. बाबा स्वतः काडीपैलवान होते. आवाज मात्र दोन माणसांचा होता.

“देह म्हणजे ओझं,” बाबा सांगत. “आयुष्याचा घोडा आहे. त्याच्या पाठीवर ओझं कमी, तर घोडा लांब जाणार. ओझं जास्त, तर वाटेत बसणार. पटत नसेल तर घोड्याला विचारा.”

घोड्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना पटत असे.

त्या दिवशी पहिला मान चौकातल्या कुलूपवाल्याचा लागला. गडी अंगापिंडाने भरभक्कम. तो चढला, सुई फिरली आणि लाल अठ्ठेचाळीसवर थांबली. बाबांनी वय विचारलं. कुलूपवाला म्हणाला, एकसष्ट. सभागृहात जरा चुळबुळ झाली, कारण हिशेबाप्रमाणे तो तेरा वर्षांपूर्वीच वारला होता. बाबा मात्र डगमगले नाहीत. त्यांनी सांगितलं की मागच्या पुण्याईवर काही माणसं मुदत संपल्यावरही रेंगाळतात. कुलूपवाला दोन्ही हात जोडून खाली उतरला. दुसऱ्या दिवसापासून चौकात त्याला ‘स्वर्गवासी कुलूपवाला’ म्हणू लागले. त्याने ते मनावर घेतलं नाही आणि दुकानही नेहमीच्या वेळेला उघडलं.

त्याच्यानंतर बाईंचा नंबर होता.

बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. अर्ध्या गावाने त्यांच्या हातचा मार खाल्लेला आणि उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या हातचे शून्य गुण. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आणि तिचा नवरा यांची बेकरी होती, तिच्या वरच्या मजल्यावर त्या राहत. अंगाने बाई लहानपणापासूनच थोराड, आणि त्याबद्दल जो कोणी शहाणपण सांगायला येई त्याला त्या पुढचा प्रश्न विचारायची संधी देत नसत. त्या थिएटरात आल्या त्या धाकटीने ओढून आणलं म्हणून.

सुई लाल पंचावन्नवर थांबली.

“वय?” बाबांनी विचारलं.

“त्रेपन्न.”

सभागृहाने एकदम सुस्कारा सोडला. बाबांनी आवाज मऊ केला आणि म्हणाले, “बाई, हाती घेतलेली कामं आता उरकून घ्या.”

“सहामाहीच्या वह्या तपासायच्या राहिल्यात खऱ्या,” बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

बाईंनी ती गोष्ट तिथेच सोडली असती, पण गाव सोडेना. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून फार आडवळणाने विचारलं की प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाला दाखवून ठेवल्या आहेत का. बँकेतल्या मुलीने लांब मुदतीच्या ठेवीचा कागद हळूच बाजूला सारला आणि अल्प मुदतीचा पुढे केला. जिन्यात शेजारच्या काकू त्यांना हात द्यायला धावल्या. बाई दोन जिने एका दमात चढून वर पोचल्या आणि मागे राहिलेल्या काकू धापा टाकत म्हणाल्या, “जपून हो.” काकूंना काट्याने एक्याण्णव वर्षं दिली होती.

चमत्काराचा दुसरा भाग असा. बाबांची दीक्षा घेतली, त्यांचं ‘हलकं पाणी’ रोज बाटलीभर प्यायलं, की दर रविवारी पुन्हा वजन. या वेळी मात्र एक मान मिळे. छतातून दोन साखळ्यांनी एक पितळी दांडी फळीच्या वर टांगलेली होती. दीक्षा नसलेल्याला तिला शिवायची परवानगी नव्हती. दीक्षा घेतलेल्याने फळीवर चढून ती दोन्ही हातांनी घट्ट धरायची, नजर वर लावायची आणि देहाला वर जायची ओढ लागू द्यायची. बाबा खालून ओरडत, “सोडू नका, आयुष्य आहे ते. घट्ट धरा.” आणि सुई मागे मागे येई. हेडमास्तर पहिल्या दिवशी बासष्ट वर्षांचे धनी होते. दांडी धरायला लागल्यापासून ते पंचाहत्तरवर पोचले होते आणि त्यांनी शाळेच्या नव्या इमारतीची स्वप्नं पुन्हा बघायला घेतली होती.

पण या सगळ्यांपेक्षा वरचा नंबर होता धाकटीचा.

धाकटी पहिल्यांदा काट्यावर चढली तेव्हा सुई लाल ब्याऐंशीवर होती. मग दर रविवारी वर्षं वाढत गेली. सत्त्याऐंशी, एक्याण्णव, पंच्याण्णव. कपडे तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबायला लागले. गाल बसले. रस्त्यात बायका तिला थांबवून विचारत, काय करतेस गं तू? ती लाजून म्हणे, काही नाही, बाबांचं पाणी. आणि खरोखरच ती काही करत नव्हती. भट्टीवर उभी राहून पाव काढायचे, पोरांचं बघायचं, गिऱ्हाईक करायचं, हे तिचं पूर्वीचंच होतं. बाबांनी तिला व्यासपीठावर शेजारी उभं केलं आणि जाहीर केलं की ही माऊली दांडीसुद्धा न धरता वाढते आहे. हिच्या आयुष्याला आधार लागत नाही.

दांडी ती धरत नव्हती याला कारण होतं. भट्टीच्या दारावर तिचा उजवा तळवा भाजला होता, हाताला पट्टी होती.

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं की हा काटा लबाड आहे. ठरवलं म्हणजे ठरवलं. एकदा वर्गात कोणी कॉपी केली असं त्यांना वाटलं, की ते मूल सापडेपर्यंत त्या जेवत नसत. त्यांचा अंदाज असा होता की बाबांचा माणूस पडद्यामागून कळ फिरवतो. नाहीतर फळीखाली लोहचुंबक असेल. नाहीतर स्प्रिंग. रोज रात्री जेवताना त्या हा विषय काढत आणि भाकरीच्या तुकड्याने ताटात काट्याची आकृती काढून दाखवत.

“पण ताई, माझे कपडे सैल झालेत त्याचं काय?” धाकटी विचारी.

“धुऊन धुऊन होतात सैल,” बाई म्हणत. “वजनबिजन काही घटलेलं नाही तुझं. तुला वेडं बनवतोय तो.”

धाकटी जेवत राही. तिचं जेवण सर्वांच्या आधी सुरू होई आणि सर्वांच्या नंतर संपे. तांब्याभर पाणी ती ताटावरच संपवी आणि दुसरा तांब्या उशाशी घेऊन झोपायला जाई. रात्रीतून चारचारदा उठते म्हणून तिचा नवरा कुरकुरत होता. बाई त्या वेळी फळीखालच्या स्प्रिंगबद्दल बोलत होत्या.

बाबांकडे मात्र सगळ्याची उत्तरं तयार होती. धाकटीने एका रविवारी सांगितलं, फार तहान लागते. बाबा म्हणाले, आयुष्य वाढतं तेव्हा त्याला पाणी लागतं, रोपाला लागतं तसं. तिने सांगितलं, डोळ्यांपुढे धूसर दिसतं. बाबा म्हणाले, नजर आत वळते आहे. पायांना मुंग्या येतात म्हटल्यावर ते म्हणाले, पाय जमीन सोडू बघताहेत. भाजलेला तळवा भरून येत नव्हता, उलट चिघळत होता. तेही त्यांनी निकालात काढलं: जुनी कातडी देह सोडते आहे, सोडू दे. डॉक्टरचं नाव काढायचं नाही, कारण औषधाला वजन असतं आणि औषध घेणाऱ्याचं आयुष्य तेवढ्याने घटतं.

बेकरीवाला हे ऐकून घरी आला आणि त्याने कपाटातली डोकेदुखीची पाकिटंसुद्धा फेकून दिली. माणूस वाईट नव्हता. बायको शंभर वर्षं जगणार या विचाराने तो हळवा झाला होता आणि आपलं स्वतःचं आयुष्य एकाहत्तरवर अडलेलं बघून त्याने तिच्या म्हातारपणासाठी वेगळी सोय करायला सुरुवात केली होती.

शेवटी तो रविवार ठरला. आदल्या खेपेला धाकटी नव्व्याण्णववर होती. आता शंभर लागणार, बाबा तिला ‘शतायुषी’ जाहीर करणार आणि मग तिने गावोगाव बाबांबरोबर फिरायचं, असं ठरलं. निघायचं त्याच दुपारी होतं. बेकरीवाल्याने तिची बॅग भरून ठेवली होती.

बाईंनी त्याच दिवसाचा मुहूर्त साधला. त्यांची युक्ती साधी होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. बेकरीत गिरणीतून पिठाची पोती येत, शिवलेली, शिक्का मारलेली, बरोबर पन्नास किलोची. पोतं दीक्षा घेत नाही, हलकं पाणी पीत नाही आणि कोणाला घाबरत नाही. ते काट्यावर ठेवायचं. सुई पन्नासवरून जरा जरी इकडेतिकडे झाली, की बाबांचा बाजार उठला. त्यांनी बेकरीतल्या दोन कामगारांना बरोबर घेतलं, हातगाडीवर पोतं टाकलं आणि भर सभेत मधल्या वाटेने ती गाडी ढकलत नेली.

“हे काट्यावर चढवायचंय,” बाई म्हणाल्या. “तुमचा काटा खोटा आहे असं माझं म्हणणं आहे.”

बाबा रागावतील, अडवतील, शाप देतील, अशी बाईंची तयारी होती. बाबा हसले.

“चढवा की,” ते म्हणाले. “अडवलंय कोणी?”

इथे बाईंना पहिल्यांदा आपल्या अंदाजाची शंका आली. पण गाडी पुढे आली होती. कामगारांनी पोतं उचललं आणि फळीवर ठेवलं. सुई थरथरली, फिरली, थांबली.

पन्नास. पन्नासाच्या रेघेवर, ना केसभर इकडे ना केसभर तिकडे.

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. बाल्कनीतून कोणीतरी शिट्टी मारली. हेडमास्तर उभे राहून म्हणाले की विज्ञानाच्या शिक्षकाने पुरावा मान्य करायला शिकलं पाहिजे. बाई चारीमुंड्या चीत झाल्या होत्या आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनी दोन्ही हात वर करून टाळ्या थांबवल्या.

“आयुष्यकाटा कधी खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “आता तरी पटलं ना?”

त्या शांततेत बेकरीवाल्याचा आवाज आला. तो पहिल्या रांगेत बसला होता, नजर पोत्यावर. खोडी काढायचा त्याचा अजिबात विचार नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

“बाबा, त्या पोत्याची लाल आकड्यात शहाण्णव वर्षं दिसताहेत,” तो म्हणाला. “पण या पिठात दोन महिन्यांत अळ्या होतात.”

पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या पोरी हसल्या. मग कुलूपवाला हसला. तो गडगडून हसला, कारण मरून तेरा वर्षं झालेल्या माणसाला आता गमावण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी सांगितलं की पीठ निर्मळ असतं, त्याच्या मनात वासना नसतात, म्हणून त्याला आयुष्य जास्त. यावर बेकरीवाल्याने मान डोलावली, पण अळ्यांचं काय ते त्याच्या डोक्यातून जाईना.

बाई हसल्या नाहीत. त्या सुईकडे बघत उभ्या होत्या. शिक्षकाची एक सवय असते. उत्तर चुकलं की फळ्यावर मागे जाऊन बघायचं, पहिली चूक कोणत्या ओळीत झाली. काटा खरा. ही ओळ आता पक्की. मग हेडमास्तरांचे तेरा किलो गेले कुठे? पोतं आणि हेडमास्तर यांच्यात फरक काय? एरवी या प्रश्नावर त्या चार शब्द बोलल्या असत्या, पण आत्ता त्यांना एकच फरक दिसला. पोत्याला हात नव्हते.

“सर,” बाई म्हणाल्या, “जरा वर या.”

हेडमास्तर वर आले. पंचाहत्तर वर्षांचा धनी चढतो तशा डौलात फळीवर चढले आणि त्यांनी दांडी धरली. सुई एकाहत्तर किलोंवर थांबली, म्हणजे लाल पंचाहत्तर.

“आता दांडी सोडा.”

“सोडू नका,” बाबा म्हणाले.

हेडमास्तरांनी एकदा बाबांकडे बघितलं आणि एकदा बाईंकडे. तीस वर्षं स्टाफरूममध्ये बाईंचा आवाज ऐकल्यामुळे असेल, त्यांनी दांडी सोडली. सुई झपकन पुढे गेली. चौऱ्याऐंशी किलो. बासष्ट वर्षं.

“धरा. सोडा. परत धरा,” बाई म्हणाल्या. तेरा किलो जात होते आणि येत होते. “दांडी छताला टांगलीय. तुम्ही तिला लोंबकळता, तेव्हा तेरा किलो छत उचलतं. तुमचं काही कमी झालेलं नाही. छताला विचारा.”

आता सभागृहात नुसता कलकलाट झाला. काकू चौथऱ्याकडे धावल्या. आपले एक्याण्णव नेमके कोणाचे, आपले की छताचे, हे त्यांना ताबडतोब बघायचं होतं. हेडमास्तर फळीवरून उतरायला तयार नव्हते. ते एकटेच दांडी धरत होते, सोडत होते, आणि दर वेळी चेहरा जरा जरा उतरत होता. बाबांनी माइक हातात घेतला, पण दोन माणसांचा आवाज दोनशे माणसांना पुरेना.

बाई जिंकल्या होत्या. हात झाडून चौथऱ्याच्या पायऱ्या उतरता उतरता त्यांची नजर धाकटीवर गेली.

धाकटी बाजूच्या खुर्चीवर बसली होती. मांडीवर पट्टी बांधलेला हात. दांडीला कधीच न लागलेला हात. सगळ्यांचं वजन छताने उचललं होतं. हिचं कोणीच उचललं नव्हतं. ही नुसती फळीवर उभी राहायची, पोतं उभं राहतं तशी, आणि काटा तर खरा होता.

बाई जागच्या जागी थांबल्या. महिनोन् महिने त्या जे शपथेवर नाकारत होत्या, ते त्यांनीच आज गाडीभर पीठ आणून सिद्ध केलं होतं. बहिणीचं वजन खरंच घटत चाललं होतं. ती काहीही करत नव्हती, दुप्पट जेवत होती, आणि तरी ते घटत होतं. मग रात्रीचा तांब्या आठवला, धूसर दिसणं आठवलं, तो न भरणारा तळवा आठवला. हे सगळं त्यांच्यासमोर ताटाच्या पलीकडे बसलेलं होतं आणि त्या भाकरीने स्प्रिंग काढत बसल्या होत्या.

त्या खाली बसल्या आणि त्यांनी पट्टी सोडली. जखमेचा वास आला.

“किती दिवस झाले याला?”

“थंडीत भाजलं होतं, ताई,” धाकटी म्हणाली. आता उन्हाळा संपत आला होता. “असू दे. माझा नंबर आहे आता. एकदा शंभर लागू दे, मग तू म्हणशील ते करू.”

“ऊठ.”

“ताई, सगळे थांबलेत माझ्यासाठी.”

“थांबू देत. तू माझ्याबरोबर चल,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. गावाने तो आवाज कधी फुटलेला ऐकला नव्हता. “मला शंभर नको आहेत तुझी. मला तू हवी आहेस.”

धाकटी उठली. उठताना तिचा तोल गेला. बेकरीवाल्याने दुसऱ्या बाजूने तिला धरलं आणि ज्या हातगाडीवरून पोतं आलं होतं तिच्यावरच तिला बसवलं. बाबा माइकवरून ओरडत होते की आज जी गेली तिची सगळी वर्षं इथेच राहतील. कोणी मागे वळून बघितलं नाही. गर्दीच्या मधून गाडी बाहेर पडली.

दवाखाना रविवारचा बंद होता, पण डॉक्टर मागच्याच खोलीत राहत. त्या घरातल्या कपड्यांवरच आल्या. त्यांनी धाकटीच्या बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला आणि तळहाताएवढ्या यंत्राला लावला. यंत्राने आकडा दाखवला नाही. साखर मोजपट्टीच्या पलीकडे गेली की ते आकडा दाखवतच नाही, नुसतं ‘खूप जास्त’ एवढंच सांगतं. डॉक्टरांनी बोलण्यात वेळ घालवला नाही. एका हाताने सलाईन लावत दुसऱ्या हाताने त्यांनी मोठ्या रुग्णालयाला फोन केला.

“मधुमेह आहे,” त्यांनी सांगितलं. “खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून शरीर स्वतःलाच खातंय. बाबांबरोबर आज गावोगाव निघाली असती, तर कोणत्या गावाहून परत आणावी लागली असती ते मला सांगता येत नाही.”

बेकरीवाला भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, “पण डॉक्टर, वजन तर कमी होत होतं.” असं म्हणून तो तिथेच ढसाढसा रडायला लागला.

धाकटी वाचली. हात वाचवायला मात्र बरेच दिवस लागले, आणि एक बोट पूर्वीसारखं वाकत नाही.

थिएटरात मागे काय झालं ते कुलूपवाल्याने नंतर रंगवून सांगितलं. लोकांनी रांग लावून एकदा दांडी धरून आणि एकदा सोडून वजनं केली. आयुष्य वाढलं होतं ते फक्त छताचं. कोणीतरी ‘हलक्या पाण्या’ची बाटली नळाच्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून तोलली, दोन्ही सारख्याच भरल्या. रांग संपेपर्यंत बाबा मागच्या दाराने गेले होते. जाताना त्यांनी कोणाचं वजन केलं नाही. काटा जड असल्यामुळे मागे राहिला.

पण माणसाची खोड एका रविवारी जात नाही. पुढच्याच आठवड्यात काकू दवाखान्यात आल्या आणि त्यांनी डॉक्टरांना विचारलं, बाबांचा तक्ता खोटा होता हे ठीक, मग खरा तक्ता तुमच्याकडे असेल ना? किती किलोला किती वर्षं? बाई तेव्हा धाकटीची औषधं घ्यायला आल्या होत्या, त्यामुळे हे बोलणं त्यांच्यासमोरच झालं.

“असा तक्ता कोणाकडेच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “वजन म्हणजे दारावरचा घर नंबर आहे. आत कोण आजारी आहे ते नंबरावरून कळत नाही. हजारो माणसांची आकडेमोड करायची असेल तेव्हा वजनाचा उपयोग होतो, फार वाढलं तर काही रोग जास्त होतात हेही खरं. पण समोर उभ्या असलेल्या एका माणसाची वर्षं त्यातून निघत नाहीत. रक्तदाब बघावा लागतो, साखर बघावी लागते, झोप, दम, जेवण, घरात कोणाला काय होतं, सगळं विचारावं लागतं. आणि काही न करता वजन उतरायला लागलं, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. इकडे यायचं.”

मग त्यांनी काकूंचा रक्तदाब बघितला. तो बाईंच्यापेक्षा बराच जास्त निघाला. काकूंनी तो पुन्हा मोजायला लावला.

काटा बेकरीवाल्याने आणला. चांगला खरा काटा, पीठ तोलायला उपयोगी. त्याने चाकूने लाल आकडे खरवडून काढले, ‘अमर’ हा शब्दसुद्धा काढला, तरी उजेड तिरपा पडला की तो अजून पुसट दिसतो. पाव निघेपर्यंत थांबलेली गिऱ्हाइकं हळूच त्या फळीवर चढतात आणि सवयीने आतल्या कडेला बघतात. तिथे आता काही नाही. कुलूपवालाही चढतो. तो अजून तेवढाच भरतो, रक्तदाबाची गोळी न चुकता घेतो आणि मरून चौदा वर्षं झाली असं अभिमानाने सांगतो.

काट्याला वजन विचारलं, त्याने वजन सांगितलं. त्याने एकदाही कोणाला फसवलं नव्हतं. वर्षं आपण त्याच्यावर रंगवली होती, आणि जे माणसाला विचारायचं ते लोखंडाला विचारत बसलो होतो. उद्या दुसरा कोणी दुसरा आकडा घेऊन येईल, कमरेचा घेर, नाडीचे ठोके, आणखी काही. मोजायला हरकत नाही, मोजावंच. पण एका आकड्यात अख्खा माणूस दाखवणारा भेटला, की आधी पिठाचं पोतं आणून त्याच्यापुढे ठेवावं.

धाकटीचं वजन पुन्हा वाढलं आहे. जुन्या हिशेबाने तिची तेरा वर्षं गेली. रोज पहाटे, भट्टी पेटली की बाई वरून खाली येतात आणि शाळेत जायच्या आधी बहिणीपुढे स्टूल ओढून बसतात. इतक्या महिन्यांच्या वादावादीत जे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, ते त्या आता रोज विचारतात.

“कशी आहेस?”

“बरी आहे, ताई. उजव्या पायाला अजून मुंग्या येतात. काल जिना चढताना जरा दम लागला.”

बाई मध्ये एक शब्द बोलत नाहीत. तिचं सगळं सांगून होईपर्यंत तिथेच बसून राहतात.